चापावर नसलेलं बोट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शीतलला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुधा पुन्हा खोटंच बोलले असते.

इथे नेदरलँड्समध्ये, हार्लेमला आमचा नेमबाजीचा क्लब आहे. तिथली एकुलती एक भारतीय बाई म्हणजे मी, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. मग शीतल आली. पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली. 'डिपेंडंट' — इथे राहण्याच्या परमिटवरचा तो शब्द तिला फार लागायचा. कॉलेजात एनसीसीची रायफल चालवलेली. इथे पिस्तूल हाती आलं आणि वर्षभरात तिनं मला मागे टाकलं. मला राग नाही आला. म्हणजे — आला. तेही सांगायलाच हवं.

पहिल्या लॉकडाउननंतर क्लब उघडला, तोवर तिला स्वतःचं पिस्तूल ठेवायचा परवाना मिळाला होता. हेन्क आपलं जुनं पिस्तूल विकत होता. हेन्क म्हणजे समितीतला जुना माणूस, क्लबची हत्यारं तोच तपासायचा. मला क्लबात घ्या म्हणून त्यानंच शब्द टाकला होता.

"ताई, जुन्यातलं मला काही कळत नाही," शीतल म्हणाली. "तुम्ही बघा ना."

बघितलं. मास्क लावून, हेन्कपासून लांब उभं राहून. पिस्तूल रिकामं आहे ना, ते आधी पाहिलं. नळी उजेडाकडे धरली — आतून स्वच्छ. वरची सरकती स्लाइड हलवली, फारशी ढिली नव्हती. मग घोडा — चाप ओढला की आपटून गोळी उडवतो तो — मागे ओढून ठेवला आणि अंगठ्यानं पुढे रेटला. धड पिस्तुलाचा घोडा अशानं हलत नाही. हा पडला. चाप न ओढता.

पुन्हा केलं. या वेळी नाही पडला. आणखी करून बघायला हवं होतं, नाही का? पण हेन्क माझ्याकडे बघत होता. तुझ्या पिस्तुलात खोट आहे, असं त्याच्या तोंडावर म्हणायचं — मी?

"छान आहे गं," मी म्हणाले. हेन्कलाही डचमध्ये तेच सांगितलं.

इथवरच असतं तर मी याला भित्रेपणा म्हटलं असतं.

त्याच महिन्यात, एका शनिवारी, ती माझ्या शेजारच्या लेनमध्ये होती. मध्ये फक्त पारदर्शक प्लास्टिक. तिनं मॅगझिन घातलं, स्लाइड सोडली — आणि गोळी सुटली. समोरचं टेबल फुटलं, लाकडाची ढलपी उडून तिच्या भुवईत घुसली. तिचं बोट चापावर नव्हतं. सरळ होतं, पिस्तुलाच्या अंगाला चिकटलेलं. मी पाहिलं होतं.

समितीपुढे हेन्कनं सांगितलं, पिस्तूल मी तपासलंय, त्यात काही दोष नाही. मग दोष उरला तिचा. मला विचारलं, तू शेजारी होतीस, काय दिसलं? शीतल माझ्याकडे बघत होती — भुवईवर पट्टी, चेहरा अगदी निर्धास्त. ताई आहेत ना.

'माझं लक्ष नव्हतं' म्हणून सुटता आलं असतं. खोटं, पण लहान. मी म्हणाले, "बोट चापावर होतं."

का? हेन्कसाठी? की पुन्हा एकटीच उरावं म्हणून? मला माहीत आहे. तुम्हीही ओळखलं असेल.

बाहेर मी सायकलचं कुलूप काढत असताना ती माझ्याजवळ आली. भांडेल असं वाटलं होतं. हळूच म्हणाली, "ताई, बोट बाहेरच होतं ना हो माझं? मला आता खात्रीच वाटेना."

"घाबरल्यावर आपलं आपल्याला कळत नाही गं," मी म्हणाले.

तिचं सदस्यत्व गेलं, त्यापाठोपाठ परवाना. पिस्तूल पोलिसांकडे जमा झालं. ती पुन्हा कुठल्याच क्लबात गेली नाही. मी अजून जाते.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला सगळे जमले होते. कुणीतरी नेमबाजीचा विषय काढला. शीतल स्वतःच हसत म्हणाली, "मी मेली वेंधळी! बोट गेलं चापावर." सगळे हसले.

मीही हसले.