आतोबांची एम्पथी

पिंपरी-चिंचवडच्या साऱ्या मुलखात ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा आणला तो माझ्या आतोबांनी, हे मी छातीठोकपणे सांगतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते कुठे उभे राहत होते, त्यांतल्या एका कारखान्यात ते हेडक्लार्क होते. मी चिंचवडला त्यांच्याच घरी राहायचो आणि त्यांच्याच हाताखाली टायपिस्ट होतो, त्यामुळे मला आतोबांपासून सुट्टी अशी नव्हतीच. रद्दीत आलेल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांना हा शब्द सापडला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला सुखाने शिंकता येईना. “सिम्पथी म्हणजे दुसऱ्याची दाढ दुखतेय म्हणून त्याला लवंग नेऊन देणं,” ते जेवताना समजावत, “आणि एम्पथी म्हणजे त्याचा ठणका आपल्या दाढेत लागणं.” आत्या ताक वाढता वाढता म्हणाली, “दोघंही गाल धरून बसलात तर लवंग आणायची कुणी?” यावर आतोबांनी तिला इंग्रजीत उत्तर दिलं. तिला इंग्रजी येत नसे, आणि म्हणूनच तिला उत्तर ते इंग्रजीत देत.

शब्द नुसता पाठ करून उपयोग नाही, तो रोजच्या वाक्यात वापरला पाहिजे, असा त्यांचा दंडक. कासारवाडी स्टेशनवर दिवसभर उभ्या असलेल्या तिकीट कलेक्टरला ते एकदा म्हणाले, “सर, आय हॅव ग्रेट एम्पथी विथ युवर फीट.” त्या भल्या माणसाने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग आतोबांकडे, आणि मग तिकीट पुन्हा दाखवायला सांगितलं.

हे एवढ्यावर राहतं तर बरं होतं. पण कारखान्यातल्या लोकांचे इंग्रजी अर्ज लिहिण्याचं काम आतोबांकडे होतं. रजेच्या अर्जाचा तिथे एक ठरलेला साचा होता, आणि तो म्हणजे ताप. लग्न असो, नांगरणी असो, नाहीतर सासू आलेली असो, माणसाला इंग्रजीत तापच यायचा. आतोबांना या तापाचा मनस्वी तिटकारा होता. ज्याचा अर्ज, त्याची अडचण आधी स्वतः भोगायची आणि मगच लेखणी उचलायची, हा त्यांचा नेम. भट्टीवरच्या एका कोकणी कामगाराला उष्णता सोसत नव्हती, त्याला खातं बदलून हवं होतं. आतोबा दोन तास भट्टीसमोर उभे राहिले आणि घेरी येऊन पडले. मग त्यांच्या रजेचा अर्ज मला लिहावा लागला. तो त्यांनी पडल्या पडल्या वाचला आणि “यात भावना नाही” म्हणून परत केला.

अशातच धोंडिबाचं प्रकरण उपटलं. धोंडिबा मावळातला, पॅकिंग खात्यात होता. नोकरीमुळे शेती होईना, म्हणून त्याने चाकणच्या बाजारात आपला बैल विकला होता. नव्या मालकाचा निरोप आला, बैल वैरणीला तोंड लावत नाही. हा पठ्ठ्या शिफ्ट सोडून चाकणला गेला आणि बैल खायला लागेपर्यंत आठ दिवस गोठ्यात बसून राहिला. परत आला तर नाव कापायची तयारी झालेली. आदल्याच महिन्यात न सांगता जत्रेला गेलेल्या एकाला मॅनेजरसाहेबांनी घरी बसवलं होतं.

मी हळूच म्हटलं, “आतोबा, ताप लिहू या.”

“खबरदार!” आतोबा म्हणाले.

रविवारी ते मला घेऊन एस.टी.ने चाकणला गेले. बैल आता व्यवस्थित खात होता. तरी त्याच्या मागच्या अवस्थेचा अनुभव हवा म्हणून आतोबा संध्याकाळपर्यंत उपाशी गोठ्यात बसले, आणि मलाही बसवलं. सोमवारी त्यांनी अर्ज सांगितला, मी टाइप केला. तीन पानं बैल, आणि चौथ्यावर फक्त ‘आपला आज्ञाधारक’. अंगठा घेण्याआधी त्यांनी धोंडिबाला सगळं मराठीतून सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. “आसंच झालं व्हतं भाऊसाहेब,” तो म्हणाला, “घरात कुणाला सांगाया जमलं न्हाई.” आणि धोतराच्या सोग्याने त्याने डोळे पुसले.

अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं काम माझं. वाटेत मी बैलाची तीन पानं काढून घेतली आणि अंगठ्याच्या पानाला तापाचं एक पान जोडलं. समज देऊन साहेबांनी धोंडिबाला कामावर घेतलं.

आतोबांचा आनंद काय वर्णावा! एका शब्दाने साहेबाला पाझर फुटला, हे त्यांनी पुढे सगळ्या चिंचवडला ऐकवलं. धोंडिबा भेटला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, “काय, आपला अर्ज लागू पडला ना?” आणि तो म्हणे, “व्हय तर!” खरं सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

आतोबा गेले तेव्हा धोंडिबा दहाव्याला आला होता. मला राहवलं नाही. ती तीन पानं मी जपून ठेवली होती, ती त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

“मला ठावं हाय,” तो म्हणाला. “कामावर घेतलं त्या दिशीच सायबानं इचारलं, ताप उतरला का म्हून.”

“मग इतकी वर्षं आतोबांना बोलला का नाहीस?”

“आवो वसंतराव, माज्या बैलापायी त्यो मानूस दिसभर उपाशी बसला व्हता. त्यास्नी आसं कसं सांगायचं?”

त्याने ती पानं घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि तो नदीकडे गेला. मला माझीच लाज वाटली, आणि आतोबांची फार आठवण आली.