शनिवारचा कोरियन सिनेमा आणि भाकरतुकडा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात डब्यांची झाकणं साठतात ना, तसे ते साठत जातात. आमच्या बिशान भागातल्या फ्लॅटवर दर शनिवारी दुपारी कोरियन सिनेमा बघायला चार-पाच मराठी बायका जमायच्या. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास सिंगापुरात सगळ्यांनाच हे वेड लागलं होतं. पण त्यातल्या एका सिनेमानं आम्हाला जेवढं दिलं, तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून दिलं नाही!

* * *

त्याची डीव्हीडी मी तोआ पायोहच्या एका दुकानातून आणली. लावली तर सबटायटल्स फक्त चिनी! मग शेजारच्या मिसेस टॅनना बोलावलं. एक बाई लहान मुलीला आजीकडे ठेवून परदेशी कामाला निघते, असा सीन होता. त्या बाईचं आणि मुलीचं बराच वेळ बोलणं झालं. मिसेस टॅन वाचत होत्या आणि नुसत्या रडत होत्या.

"काय म्हणाली? व्हॉट शी सेड?" आम्ही कासावीस.

मिसेस टॅननी तिसरा टिश्यू संपवला. "She say, eat properly lah."

बस्स. सगळ्या खोलीनं हंबरडा फोडला.

* * *

माझा नवरा शिरीष बँकेत. भावना वगैरे त्याच्या खात्यात बसत नाहीत. "त्या बाईनं आधी नीट प्लॅनिंग करायला हवं होतं," असं म्हणून तो तरातरा आत गेला. पाहते तर बेडरूममधून पुण्याला फोन!

"काही नाही गं आई, सहजच केला. तुझी आठवण आली."

 पलीकडून स्पीकरवर खणखणीत आवाज आला, "नोकरी गेली का रे?"

* * *

सिनेमाच्या शेवटी ती बाई वीस वर्षांनी गावी परत येते. लेक दार उघडते आणि आईला एकदम आत ओढून घेते. आता तिथं रडायचं सोडून आमच्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "अगं अगं, आधी भाकरतुकडा!"

मिसेस टॅन दचकल्या. मग आम्ही त्यांना सांगितलं. लांबून घरी आलेल्या माणसाला दारातच थांबवतात, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर टाकतात, आणि मगच घरात घेतात.

"Throw outside?" दंडाच्या धास्तीनं मिसेस टॅन हादरल्या. "Twelfth floor, you know! Sure kena fine!"

आम्ही हसून लोळलो. एकटी वैशाली हसली नाही.

* * *

वैशाली बुकित बातोकला राहायची. स्वतः अकाउंटंट, नवरा जहाजावर इंजिनिअर. तिची इरा तीन वर्षांची असल्यापासून सांगलीला आजीजवळ होती. आता सात वर्षांची झाली होती. ती आजीला 'आई' म्हणायची आणि आईला 'वैशाली'. आजी हाक मारायच्या, तेच तिनं उचललेलं. अलीकडे तर फोनवर यायलाही तयार नसायची.

त्या संध्याकाळी वैशाली म्हणाली, "मी वीस वर्षं थांबणार नाही. सासूबाईंना आणि तिला दोघींनाही इकडे आणते." मग हळूच म्हणाली, "पण ती मला आई म्हणेल का गं?"



* * *

तयारी मात्र जोरात! जन्मात भाकरी न थापलेली वैशाली दर शनिवारी सरावाच्या भाकऱ्या घेऊन यायला लागली. मिसेस टॅननी एक हातात घेतली, टेबलावर वाजवून बघितली आणि कौतुकानं विचारलं, "Wah, this one biscuit ah?"

तुकडा टाकायचा कुठे, हा प्रश्न शिरीषनं सोडवला. "मी प्लॅस्टिकची पिशवी धरून उभा राहतो. दंड नाही, काही नाही!"

* * *

आणि तो दिवस आला. विमानतळावर इरा आजींच्या पदराआड लपली. टॅक्सीतही त्यांनाच चिकटून बसली.  आम्ही सगळ्या वैशालीच्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉरमध्ये वाट बघत उभ्या होतो.

वैशाली पुढे होऊन घरात गेली आणि भाकरी-पाणी घेऊन दारात आली. आजी आणि इरा उंबऱ्याबाहेर. तिनं ओवाळायला हात उचलला. 

इरानं भाकरीकडे बघितलं. मग वैशालीकडे बघितलं. आजींचा पदर सोडला, सरळ पुढे आली आणि तिच्या हातातला तुकडा काढून घेतला.

"अगं इरा, काय करतेस?" आजी म्हणाल्या.

इरानं वैशालीला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर आणलं. स्वतः आत जाऊन दारात उभी राहिली.

"मी कुठं गेले होते? मी तर आजीजवळ घरीच होते. गेली होतीस तू, आई! आता खाली वाक, माझा हात पोचत नाही."

शिरीष पिशवी उघडी धरून उभा होता.