नाण्यावरची पिशवी

टांकसाळीत सगळे तिला भिंगताई म्हणत. डोळ्याला भिंग लावून नाण्यांचे नमुने कोरणं हे तिचं काम, आणि चौकशा करणं हा स्वभाव. बटणाला चार भोकं का, चिमणीच्या पायाला नखं किती, असल्या प्रश्नांनी तिची झोप उडायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला देवानं दोन डोळे दिले, तिसरा हिनं पगारातून घेतला."

त्या वर्षी दूरच्या एका देशावर युद्ध कोसळलं. आम्ही तुमच्या बाजूनं आहोत, हे सांगणारं स्मारक नाणं काढायचं ठरलं. साहेबांनी मंजूर झालेलं चित्र तिच्या टेबलावर ठेवलं. हस्तांदोलन करणारे दोन हात.

ताईनं नमुन्यासाठी ताटाएवढ्या मातीच्या चकतीवर चित्रातला एक हात घडवला आणि थांबली.

"साहेब, यातला त्यांचा हात कुठला?"

"कुठलाही धरा. हात तो हात."

"दोन्हीकडे कोटाच्या बाह्या आहेत. तिथल्या बायका भेटल्यावर काय करतात?"

"ताई, नाणं काढायचंय, सोयरीक नाही जुळवायची!"

साहेब गेले, प्रश्न काही जाईना. चौकातल्या लाँड्रीत त्या देशातून आलेली एक बाई इस्त्री करते, हे तिनं ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याचा कोट घेऊन तिथे हजर.

इस्त्रीवालीनं कोट उलटापालटा करून पाहिला. "याला तर इस्त्री आहे."

"हो. मला एक विचारायचं होतं. तुमच्याकडे दारात कुणी आलं, की आधी काय करता?"

"आधी त्याच्या हातातली पिशवी घेतो," ती म्हणाली. "तो सोडत नाही, आपण ओढतो. थोडा वेळ दोघांच्याही हातात असते." मग तिला एकदम हसू आलं. "मी इथे स्टेशनवर उतरले, तेव्हा एका बाईनं माझी पिशवी धरली. मला वाटलं, चोर! मी सोडलीच नाही."

"मग?"

"तीही सोडेना. तशाच दोघी बाहेरपर्यंत आलो."

ताईनं मातीतला हात मोडून टाकला आणि त्याजागी दोघींनी धरलेली पिशवी सुचवली. साहेब वैतागले. "पिशवी? लोक म्हणतील, मंडईचं नाणं काढलंय!" तिनं स्टेशनवरची हकिकत सांगितली. साहेबांनी चष्मा काढला. "कोण होती ती बाई?"

"ते तिलाही माहीत नाही."

"बरं," ते चष्मा पुसत म्हणाले, "करून तर दाखवा. वरच्यांशी मी बोलतो."

नमुना झाल्यावर ताई तो चादरीत गुंडाळून लाँड्रीत घेऊन गेली. इस्त्रीवालीनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. "ही पिशवी रिकामी आहे."

"तोंड तर बंद आहे. कसं कळलं?"

"बोटं बघा ना, किती सैल. माझ्या हाताला वळ उठले होते."

त्या संध्याकाळी ताईनं घरातल्या पिशवीत वरवंटा, पिठाचा डबा आणि जाडजूड पुस्तकं कोंबली. एक बंद नवऱ्याच्या हाती दिला, दुसरा स्वतः धरला आणि भिंग लावून त्याच्या मुठीवर वाकली.

"अगं, अजून किती वेळ?"

"थांबा हो, पेरं पांढरी पडू द्या."

"तू त्यांना पाठिंबा देतेयस, की मला शिक्षा?"

पण तिला हवं ते दिसलं. ओझं आलं की आधी मनगट खाली जातं, बोटं मागाहून आवळतात, आणि बंदाला पीळ पडतो. हे सगळं तिनं मातीत उतरवलं.

नाणं निघालं. काहीजण हसले, काहींना उमगलंच नाही, तर काहीजण बराच वेळ बघत राहिले. ताईनं एक नाणं नेऊन इस्त्रीवालीच्या हातावर ठेवलं.

ती पाहत राहिली. "आता भरलेली आहे," म्हणाली. आणि मग, "यानं लढाई थांबेल?"

"नाही."

"मग कशाला काढलंत?"

"तुम्ही एकट्या नाही, एवढंच सांगायला," ताई म्हणाली, आणि तिचं तिलाच ते तोकडं वाटलं. इस्त्रीवालीनं नाणं एप्रनच्या खिशात टाकलं. ताईला राहवेना.

"एक विचारू? त्या पिशवीत होतं तरी काय?"

इस्त्रीवालीनं इस्त्री बंद केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. सगळ्यात खाली बूट होते. घाईत भरले ना, दोन्ही डाव्या पायाचे निघाले!"

गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत होतं आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.