कव्हरावरचं भोक

ग्लासगोच्या पार्टिक भागातली मोराग किनेर्ड चिडली की भांडी घासायला घ्यायची. नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे भांड्यांना तोटा नव्हता. संध्याकाळी मात्र गिटार. चौघांच्या बँडमध्ये गाणारा फर्गस देखणा, म्हणून लोक त्याच्याकडे बघत. पण ज्या गाण्याची त्यांची पहिली रेकॉर्ड निघत होती, त्याची सुरावट मोरागनं बांधलेली. ती वाजवायची तेव्हा तिसरा सूर किंचित मागे रेंगाळायचा, आणि गाण्याची सगळी गंमत त्या रेंगाळण्यातच होती.

छपाईआधी नमुन्याची रेकॉर्ड घरी आली. आईला शेजारी बसवून मोरागनं कौतुकानं सुई ठेवली. तिसरा सूर बरोब्बर वेळेवर आला, इस्त्री केल्यासारखा. तिनं वाजवलेली गिटार पुसून दुसऱ्याच कुणाकडून वाजवून घेतली होती!

"ही तू नाहीस," आई म्हणाली.

मोराग तडक फर्गसच्या दारात.

"कुणी वाजवलंय हे?"

"अगं, रेकॉर्ड कंपनीच्या मालकानं लंडनचा एक वादक आणला. तुझं जरा ढिसाळ वाटलं त्याला."

"आणि तुला?"

"रेडिओवर लागायचंय ना आपल्याला? कुणाच्या बापाला कळतंय कोण वाजवतंय ते!"

"माझ्या आईला कळलं, मेल्या!"

"बाकीचे दोघं हो म्हणालेत. तू उगाच फाटे फोडू नकोस."

त्या दोघांनी शेपूट घातलं होतं. असले मित्र असण्यापेक्षा नसलेले बरे.

छोट्या कंपनीचा कारभार असा, की कव्हरं छापलेले सपाट कागद यायचे आणि बँडनंच ते घरी बसून दुमडायचे, आत रेकॉर्डी भरायच्या. सगळ्यांत मोठं टेबल मोरागकडे, म्हणून गठ्ठे तिथेच उतरले. एवढं भांडण होऊनही ते कुणी हलवले नाहीत. वाजवायला नको होती, पण राबायला चालत होती ना! कव्हरावर चौघांचा फोटो, त्यात गिटार घेऊन हसणारी मोराग. तिनं कात्री घेतली आणि स्वतःला कापून काढलं. मग पुढचं कव्हर. मग त्याच्या पुढचं.

"हे काय चाललंय, पोरी?"

"मी जिथं ऐकू येत नाही, तिथं दिसणारही नाही."

आईनं एक कापलेलं कव्हर उचलून बघितलं. मग दुसरी कात्री घेऊन टेबलाशी आली. "सरक जरा. वेडंवाकडं कापतेयस."

भरलेले खोके कुणी न उघडताच रेकॉर्ड दुकानांत पोचली, त्या दिवशी फर्गसनं फोनवर तिची आईबहीण काढली. तिनं ऐकून घेतलं आणि फोन आपटला. पण रेकॉर्ड विकत घेणाऱ्या पोरांना ते भोक भलतंच आवडलं. कुणी त्याला डोळा लावून फोटो काढले, कुणी आपल्या प्रेयसीचा फोटो मागून चिकटवला. रांगा लागल्या. दुकानदार आणखी भोकवाल्या रेकॉर्डी मागू लागले, आणि कंपनीनं छापखान्यातच भोकं पाडून घेतली.

शनिवारी सकाळी आई तव्यावर बटाट्याच्या पोळ्या भाजत होती. रेडिओवर फर्गसची मुलाखत चालली होती.

"ही भोकाची कल्पना कुणाची?" मुलाखतकारानं विचारलं.

"माझीच," फर्गस म्हणाला. "आमच्या पिढीच्या मनात एक पोकळी आहे. ती मला दाखवायची होती."

आईनं पिठाच्या हातानंच रेडिओ बंद केला.

"आई," मोराग म्हणाली, "गिटार घेतली ती घेतली. आता माझा रागसुद्धा ह्यानं स्वतःच्या नावावर विकायला काढला."