धाकूमामा जागेवर नाही

धाकूमामाला मी तीन वर्षं फोनवरून ओळखत होते आणि बघितलं फक्त दोनदा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हा आवाज या माणसाचा नसणारच. फोनवर एवढा घनगंभीर, आणि समोर माझ्या खांद्याएवढा बुटका माणूस! काळा कुळकुळीत, पायाची बोटं फाकलेली, सिक्युरिटीचा निळा शर्ट गुडघ्यापर्यंत आलेला.

कोपरला खाडीकडेच्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर आमच्या मोबाईल कंपनीचा टॉवर होता, त्याचा तो दिवसपाळीचा राखणदार. मी वागळे इस्टेटमधल्या कंट्रोल रूममध्ये. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे सगळे टॉवर आमच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांसारखे दिसायचे. एखादा लाल झाला की तिथे फोन करायचा, काय झालं विचारायचं आणि वहीत लिहायचं, एवढं माझं काम. सोपं होतं. म्हणूनच मी त्यात माती खाल्ली.

लोकांना वाटतं टॉवर उभा केला की झालं. टॉवर हा नुसता कान असतो. त्याने ऐकलेलं ठाण्याच्या मोठ्या यंत्राकडे पोचवायला वेगळी वाट लागते. कोपरची वाट म्हणजे गच्चीवरची एक पांढरी तबकडी. मुंब्र्याचा डोंगर चुकवून, खाडीवरून सरळ ठाण्याकडे तोंड करून बसलेली. शहाण्णव साली डोंबिवली पश्चिमेत मोबाईल होते किती? दोन बिल्डर, एक हाडांचा डॉक्टर आणि चार रेतीवाले. येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून रेतीवाला फोन वाजला की कापायचा आणि पानाच्या गादीवरच्या रुपयावाल्या फोनवरून उलटा करायचा. तेवढ्यांना छोटी तबकडी रग्गड होती.

मग आधीच पैसे भरायची कार्डं आली, दर उतरले, आणि नव्याण्णव उजाडेपर्यंत दूधवालासुद्धा कमरेला फोन लावून फिरायला लागला. छोटी वाट तुंबली. संध्याकाळी फोन लावला की टूं टूं. तेव्हा आमच्या गुरुदत्त साहेबांनी जूनमध्ये नवी, चौपट बोलणं वाहून नेणारी तबकडी बसवली. गुरुदत्त साहेब हुशार, तिरसट, आणि स्वतः बसवलेल्या यंत्रावर पोटच्या पोरासारखं प्रेम करणारे. पोरगं चुकलं असं आईबापांना कधी वाटतं का?

धाकूमामा मूळचा मोठागावच्या बाजूचा कोळी. बापजाद्यांची होडी होती. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं आणि मासळी उठली. तरी तो खाडी सोडत नव्हता. ब्याण्णव साली श्रावणातल्या उधाणात त्याचा मुलगा कान्हा जाळं सोडवायला उतरला आणि वर आला नाही. वीस वर्षांचा होता. बायकोने, मंजुळामामीने, तिसऱ्या दिवशी नवऱ्याला एकवीरेच्या फोटोपुढे उभं केलं आणि शपथ घातली, की आजपासून खाडीच्या पाण्याला पाय लावायचा नाही. त्याने होडी विकली. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला सगळा कोळीवाडा वाजतगाजत पाण्यावर जायचा आणि हा घरात बसायचा.

हे मला त्यानेच सांगितलं होतं, एका निवांत दुपारी, फोनवर. मी सहज विचारलं होतं, "मामा, मासे आणत नाही का आमच्यासाठी?"

"नाय बाय," तो म्हणाला. "मंजुलेला वचन दिलंय. पोरगा तर गेलाच. तिचा इश्वास ऱ्हायलाय तेवडा जपतोय."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, नंतर सारवासारव नको.

जुलैत कोपरचा ठिपका लाल व्हायला लागला. पंधरवड्यातून एक-दोन दिवस, दुपारच्या जेवणाच्या सुमाराला, वीस-पंचवीस मिनिटं. मग आपोआप हिरवा. तिकडे गच्चीवरच्या केबिनमधल्या यंत्रावरही तेवढा वेळ लाल दिवा लागायचा. ठिपका लाल असताना कोपरवरचे सगळे मोबाईल मुके, त्यात मामाला कंपनीने दिलेलाही आला. म्हणून मी इमारतीच्या तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फोन करायची. "जरा वर बघ रे, धाकूमामा आहेत का?" तो म्हणायचा, "थांबा मॅडम," आणि मिनिटभराने, "नाय, वर कोन नाय." मिनिटात चार मजले चढून उतरणारा झेरॉक्सवाला मी अजून बघायची आहे. पण तेव्हा डोकं चाललं नाही. मी वहीत लिहायची, 'राखणदार जागेवर नाही'. दोन महिन्यांत सात वेळा लिहिलं.

साहेबांचा हिशेब सरळ होता. केबिनमध्ये मेन स्विच आहे. हा जेवायला जाताना तो बंद करत असणार, किंवा काहीतरी उद्योग करत असणार. यंत्रात दोष नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सव्वाबाराला ठिपका लाल झाला. पुन्हा हिरवा झाल्यावर मामाचाच फोन आला. "बाय, तो लाल दिवा लागलेला ना? मी हितंच हाय. उद्या एकच्या सुमाराला परत लागंल बग. रोज पाऊन तास म्होरं सरकतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पान्याला उधान हाय. खाडी भरली का दिवा लागतो."

मला हसू आलं. खाडीचा आणि दिव्याचा काय संबंध! पण दुसऱ्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी ठिपका खरंच लाल झाला, आणि मी मोठी गंमत म्हणून ती साहेबांना सांगायला धावले. साहेब हसले नाहीत. खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "नीला, त्याला आधीच वेळ कशी कळते? तोच बंद करतो म्हणून. जात कोळ्याची आहे. भरती आली की मासे येतात, हा स्विच पाडतो आणि जाळं टाकायला पळतो. आणि आज तर नारळी पौर्णिमा! आज तो गच्चीवर असेल?"

मी म्हणाले, "साहेब, त्यांनी शपथ घेतलीय."

"शपथ!" साहेब म्हणाले. "झेरॉक्सवाल्याला विचार."

मी विचारलं. वर कोन नाय. मी लिहिलं.

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते पटलं होतं. शपथा मोडणारे पुरुष मी आमच्या चाळीत पैशाला पासरी बघितले होते, दर अमावास्येला दारू सोडणारे. त्यात एकाची भर पडली, एवढंच वाटलं. माझे वडील इस्टेटीतल्या कारखान्यात हमाल होते. पोरगी पेनाची नोकरी करते याचा त्यांना केवढा अभिमान. त्याच पेनाने मी एका माणसाच्या पोटावर पाय दिला आणि वर वेळेवर डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी एजन्सीचा माणूस मामाच्या घरी जाऊन गणवेश घेऊन आला. नुसता घेऊन आला नाही, गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, की ड्युटी सोडून खाडीवर मासे मारतो, म्हणून काढला.

नवा राखणदार जौनपूरचा आला. खाडीकडे बघूनच त्याला घेरी यायची, मासळीच्या वासाने उलटी. दहा दिवस ठिपका हिरवागार. साहेब मिशीत हसत फिरत होते. आणि पिठोरी अमावास्येला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, कोपर लाल. मी झेरॉक्सवाल्याला फोन केला. "वर कोन नाय," तो म्हणाला.

या वेळी मात्र मी म्हणाले, "मी फोन धरून ठेवते. तू खरंच वर जा." पाच मिनिटांनी तो धापा टाकत आला. "आहे मॅडम. गच्चीवरच बसलाय. डबा खातोय."

 सात वेळा! हा सातही वेळा वर गेलाच नव्हता, आणि मी सातही वेळा लिहिलं.

साहेबांसमोर मी वही उघडून आदळलीच. मी म्हणाले, "हा नवा तर मासे खातसुद्धा नाही. आता याने कोणतं जाळं टाकलं?" नोकरी जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. साहेबांनी वही ओढून घेतली. वहीतल्या वेळा बघितल्या, कॅलेंडरवरच्या तिथी बघितल्या, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग कागदावर एक रेघ तबकडीपासून ठाण्याला सरळ काढली, दुसरी खाली पाण्यावर आपटून वर जाणारी. "ओहोटीला खाली चिखल आणि तिवरं असतात," ते हळूच म्हणाले, "उधाणाला, पावसाळ्यात तर दिवसाच्या मोठ्या भरतीला, सगळं बुडून पाण्याचा आरसा होतो. तबकडीच्या रेडिओ लाटा पाण्यावरूनही उसळून येतात आणि सरळ येणाऱ्यांना मारतात. छोट्या तबकडीला चाललं असतं. मी चौपट भार टाकला आणि खाली पाणी आहे हे बघितलंच नाही."

"मामांनी बघितलं होतं," मी म्हणाले.

साहेब तिरसट असले तरी खोटे नव्हते. आठवड्यात त्यांनी गच्चीवर थोडी खाली दुसरी तबकडी बसवली. एकीला ऐकू आलं नाही तर दुसरी ऐकते. एजन्सीला झापून मामाला परत घेण्याचं पत्र लिहून घेतलं. ते पत्र घेऊन मी रविवारी कोपरला गेले. वहीही पिशवीत घातली, नियम धाब्यावर बसवून.

गणपतीचे दिवस होते, गल्लीत आरत्या चाललेल्या. मामा ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. दारात मंजुळामामी सुकट निवडत होती, त्याच्याकडे पाठ करून. मी मामीला माझं नाव सांगितलं. मामाने पत्र हातात घेतलं आणि न वाचताच मांडीखाली ठेवलं.

"नोकरी मिलंल न मिलंल," तो म्हणाला. "आदी हिला सांग बाय. तीन हप्ते झाले, माज्याशी बोलत नाय. जेवान वारते, बोलत नाय."

मामी मान न वळवता म्हणाली, "काय सांगनार ती? कोल्याला खाडी सुटत नाय. पोरगा खाल्ला तरी सुटत नाय."

मी पिशवीतली वही काढून घाईघाईने तबकडी, लाटा, आरसा, सगळं सांगायला लागले. मामीने हात वर करून मला थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे. वही हाय ना? पिठोरी आवसेला दिवा कवा लागला?"

"एक वाजून दहा."

तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. जन्म मासळीत गेलेल्या बाईला भरती कधी येते हे वहीतून कळायची गरज नव्हती. "दुसऱ्या दिशी?"

"दोनला पाच कमी."

"भरतीच," ती म्हणाली. सुकट निवडणारे हात थांबले होते. "आवसेला एकच्या टायमाला हा हितंच बसलेला. माज्या नजरंसमोर. मग खाडीवर कोन गेला?"

तिने माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं.

"नारली पुनवेला काय लिवलंय?"

मी वाचलं. 'एक वाजून पाच. राखणदार जागेवर नाही.'

"कोनी लिवलं?"

"मी."

"वर जाऊन बगितलंस?"

"नाही मामी." माफ करा म्हणायचं ठरवून आले होते, तेही नीट म्हणता आलं नाही.

तिने पुढ्यातली सुकटीची टोपली दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं आता ही टोपली डोक्यात घालणार, आणि घातली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "ती बिल्डिंग हितनं दिसते. धा पावलांवर हाय. मी पन नाय गेले बगायला."

मग ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा नवऱ्याकडे वळली. "पुनवेला कुटं व्हतास मग?"

"गच्चीवर," मामा म्हणाला. "खाली मिरवनूक चाललेली, वरनं बगत व्हतो. मंजुले, मी नारल घेतलेला त्या दिशी. कान्ह्याच्या नावाचा. खाडीला द्यावा असं लय वाटलं. पन तुला वचन दिलेलं, नाय गेलो. पिशवीतच हाय अजून."

मामी उठली. आत गेली, खुंटीवरची पिशवी काढून नारळ हातात घेतला, कानाशी हलवून बघितला. शेंडी सुकून गेली होती, पण आत पाणी वाजलं. तिने पदर खोचला आणि ओट्यावरून उतरली.

"चल," ती म्हणाली. "मी येते संगती."

"शपथ हाय ना?"

"मीच घातलेली. मीच सोडवते."

दोघं खाडीच्या वाटेने गेली. ती पुढे, तो दोन पावलं मागे, लहान मुलासारखा डोळे पुसत. मला त्यांनी थांब म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. सुकट उघडीच पडली होती आणि गल्लीत मांजरं फार. म्हणून ती दोघं परत येईपर्यंत मी हातात काठी घेऊन ओट्यावर राखण करत बसले.