रिकाम्या चिमट्यातला हिरा

प्लेगच्या भीतीने सुरत सोडून पळालेली माणसं परतली, त्याला वर्ष होत आलं असेल. तेव्हा मी वराछ्यात कच्च्या हिऱ्यांच्या एका दलालाकडे कामाला लागले. वडील गोडादऱ्याला कापडाच्या लूमवर होते आणि घरात बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच. हिऱ्यांच्या पुड्यांवर वजन आणि नंबर लिहायचे, एवढंच काम. दलाल काठियावाडी, साठी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही.

महिनाभरात त्यांनी मला शेजारी बसवून हातात भिंग दिलं. कच्चा हिरा दिसतो तुरटीच्या खड्यासारखा. मी पहिला भाव सांगितला तो चकाकी बघून. काका हसले नाहीत. खडा खिडकीकडे धरून म्हणाले, "बेन, चमक मत देख. घिसने के बाद कितना बचेगा, वो बोल." मग त्यांनी मला आतली केसाएवढी चीर दाखवली. ती कुठवर गेलीय, तेवढं कापून टाकल्यावर उरेल किती, रंगात पिवळेपणा किती, हे सगळं मनात धरायचं आणि मगच तोंड उघडायचं. मी सांगितलेला भाव कधी दुप्पट असायचा, कधी निम्मा. काका रागवायचे नाहीत. पुन्हा बघ, म्हणायचे.

दिवाळीच्या सुमारास ते आधी मलाच विचारू लागले. "तू बोल." मी बोलले की मान हलवायचे आणि गिऱ्हाइकाला तोच भाव सांगायचे. मी हुरळून गेले. आईला सांगायचे, काकांचा माझ्यावर विश्वास बसलाय. चहा बशीबाहेर सांडायचा, खाली पडलेला खडा ते स्वतः शोधायचे नाहीत, हे मला दिसत होतं. पण वयाने होत असेल, असं मी स्वतःला समजावत होते.

एका सकाळी मी केर काढत होते. काका खिडकीत उभे राहून चिमटा उजेडात धरून बघत होते. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "साफ है. एकदम साफ."

चिमट्यात काहीच नव्हतं. खडा टेबलावरच राहिला होता.

माझ्या हातातला झाडू थांबला. मी हळूच खडा उचलून पुडीत घातला आणि म्हटलं, "हो काका."

आईला घरी सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तू त्यासले सांगी दे," एवढंच आपल्या अहिराणीत म्हणाली. मी रोज ठरवायचे, तुम्हाला दिसत नाही हे मला कळलंय, असं आज सांगू. पण ते घरी बसले तर मला कोण शिकवणार, हा विचार आधी यायचा. लाज वाटायची आणि तरी मी गप्प राहायचे.

होळीनंतर एक नवा माणूस येऊ लागला. तरुण, आवाज मऊ. पुडी उघडायचा, पण त्याची नजर खड्यांवर नसायची, काकांच्या डोळ्यांवर असायची. दोनदा त्याने चांगला माल स्वस्तात दिला. दोन्ही वेळा पुडी मी बघितली होती. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "बेन, जरा पानी मिलेगा?"

माठ गच्चीवर होता. पाणी सांडत मी घाईने जिना उतरले. दाराशी आले तर दोघांनी हातात हात दिलेला. आमच्या बाजारात हात दिला की सौदा झाला. तो पाणी न पिताच गेला.

मी पुडी उघडली. वरचे चार खडे छान होते. खाली सगळ्यांत काळे डाग, आतून तडे.

"कितना निकलेगा?" काकांनी विचारलं.

मी दोनदा मोजलं. "तुम्ही दिलेल्या भावाच्या निम्मंही नाही."

ते बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले. "तुझे कब से पता था?"

"दिवाळीपासून."

"और मैं समझता था, किसी को नहीं दिखा," ते म्हणाले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी ठरलेले पैसे पूर्ण चुकते केले. तो माल बाजारात मीच नेला. रस्त्याकडेला गाद्या टाकून बसलेल्या पाच व्यापाऱ्यांना दाखवला. सगळ्यांचे भाव मी सांगितलेल्या भावाच्या आसपास आले. एक व्यापारी म्हणाला, "बेन, तमारी नजर पाकी छे." माझी नजर पक्की आहे, हेच ऐकायची मी कामाला लागल्यापासून वाट बघत होते. मी त्याच्याकडे न बघता पुडी मिटली.

चैत्रात काका मुलाकडे गावी गेले. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. डब्याची पायरी त्यांना सापडेना, तेव्हा मी त्यांचा हात धरून दाराच्या दांड्यावर ठेवला. त्यांनी तो माझ्या हातातून लगेच काढून घेतला आणि स्वतःच चाचपडत चढले.