हळदीचा रकाना रिकामा

आज सकाळी नऊ चाळीसला पेणच्या गोदामात मी उद्याच्या मांडवाचं सामान मोजत होतो. तेवढ्यात निडीहून नवरीच्या वडिलांचा फोन आला. "मांडव कुठाय? पोरीला हळद काय उन्हात लावू?"

मी महिनाभर खपून कॉम्प्युटरवर बनवलेल्या ऑर्डरच्या शीटमध्ये लग्नाची उद्याची तारीख होती. हळदीचा रकाना रिकामा.

ऑर्डर मामांनी घेतलेली. धंद्यात आम्ही भागीदार. म्हणाले, "हळद आदल्या दिवशीच असते, ती काय लिहायची? तुझ्या कॉम्प्युटरला एवढं पण कळत नाय?"

मांडव दुपारी दोनला उभा राहिला. तोवर पाहुणे उन्हात, आणि शिव्या मला.

मंडळी, अशा माणसाकडून तुम्ही लिहून कसं घेता? मी बजावलं, यापुढे रकाना रिकामा असेल तर टेम्पो हलणार नाही.

मामा म्हणाले, "टेम्पो माझ्या नावावर हाय."